वानखेडेंचा शुक्रवार

"तू नेमकं करतेस तरी काय?" हा प्रश्न मला भिलाईजवळच्या बोरसीतल्या भाजीवालीपासून सख्ख्या जावेपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. मी सांगायची, "यंत्रांसाठी सूचना लिहिते." जाऊबाई म्हणाल्या, "यंत्रं कधीपासून वाचायला लागली?" मी म्हटलं, "आत्ताआत्ताच. पण माणसांपेक्षा बरी वाचतात."

हे मी गमतीनं म्हणत नव्हते. माझी बहुतेक नोकरी क्रेन बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. क्रेन कशी चालवायची, कुठला खटका कधी दाबायचा आणि कधी अजिबात दाबायचा नाही, याची माहितीपुस्तकं मी लिहायची. जीव तोडून लिहायची. त्यातलं एक पुस्तक ऑपरेटरच्या केबिनमध्ये डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली घडी करून लावलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आयुष्यभर असं न वाचणाऱ्यांसाठी लिहिलं आणि उतरत्या वयात असा वाचक मिळाला, जो शब्द न् शब्द वाचतो आणि लिहिलंय तेवढ्यावरच विसंबतो. दोघांत हा दुसरा जास्त धोक्याचा, हे मला जरा उशिरा कळलं.

हा वाचक मला नेहानं दिला. नेहा भिलाईच्या पोलाद प्लँटच्या वसाहतीतली, आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरशेजारची. लहानपणी आमच्या अंगणातले पेरू चोरायची, मोठेपणी तिनं भिलाईतच एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि मला कामावर घेतलं. "काकू, आपको क्रेन के बारे में लिखना आता है ना, बस वैसाच लिहायचं आहे," असं तिचं घरगुती मराठी. तिच्या कंपनीनं एका खासगी डायलिसिस केंद्रासाठी फोनवर बोलणारा मदतनीस बनवला होता. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी रक्त शुद्ध करून घ्यायला यावं लागतं. केंद्राची गाडी सकाळी नंदिनी नगर, सेक्टर, दुर्ग असं फिरून रुग्णांना आणते आणि दुपारी सोडते. पाळी म्हणजे गाडीत जागा आणि मशीनवर खाट, दोन्ही एकदम. फोन आला की मदतनीस बोलायचा, पाळी द्यायचा, बदलायचा, रद्द करायचा. त्याचा आवाज बाईचा असल्यामुळे सगळे रुग्ण त्याला 'मशीनवाली बाई' म्हणत.

आता बाहेरच्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. या बाईला बोलता येतं, समजतं, पण हात नाहीत. केंद्राच्या नोंदींना ती हात लावू शकते ते फक्त ठरवून दिलेल्या खिडक्यांतून. एका खिडकीत रुग्णाचं नाव दिलं की त्याच्या पाळ्या कळतात, दुसरीत नवी पाळी मिळते, तिसरीत आहे ती रद्द होते. या खिडक्यांना आमच्या धंद्यात टूल म्हणतात. प्रत्येक खिडकीवर एक पाटी: इथं काय होतं, कधी यावं, कधी येऊ नये, काय काय सांगावं लागेल, उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय. ती पाटी लिहिणं हे माझं काम. बाई जगातलं बरंच वाचून आलेली असते, पण भिलाईत तिचा रोज पहिलाच दिवस असतो. काल काय झालं ते तिला आठवत नाही. पाटीवर नाही ते तिच्यासाठी नाही.

सुरुवातीचा घोळ पाण्याच्या टाकीचा. 'गाडी कुठे पाठवायची' या रकान्यापुढे आधीच्या इंजिनिअरनं 'ठिकाण' एवढंच लिहून ठेवलं होतं. लोक फोनवर म्हणत, "पानी टंकी के पास." बाई निष्ठेनं 'पाण्याची टाकी' लिही. भिलाईत राहिलेल्या कुणालाही विचारा, टाक्या किती आहेत ते. ड्रायव्हर इक्बालभाई बिचारे एका टाकीपाशी उभे आणि पेशंट दुसऱ्या टाकीपाशी. मग मी लिहिलं, "सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर विचारून घ्या. टाकी, चौक, मंदिर किंवा शाळा एवढ्यावर समाधान मानू नका, कारण ती प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत." टाकीचा घोळ मिटला. इक्बालभाईंनी ऑफिसात समोसे पाठवले. क्रेनच्या पुस्तकांवर मला कधी साधा चहासुद्धा मिळाला नव्हता.

असं एकेक पाटी घेत चालले होते. ज्या अवघड वाटल्या त्या आधी घेतल्या. 'रद्द' शेवटी ठेवली, कारण ती सगळ्यात सोपी दिसत होती. तिच्यावर लिहिलं होतं: "रुग्णाची पाळी रद्द करते." खरंच तेवढंच करायची ती. आणि रद्द झालेली जागा वाया जाऊ नये म्हणून त्याच क्षणी प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला ती देऊन टाकायची. चांगलीच सोय होती.

इथं मला प्लँटमधल्या 'म्युच्युअल'बद्दल, म्हणजे आपसातल्या पाळ्यांच्या अदलाबदलीबद्दल, सांगायला हवं. आमचे हे रोलिंग मिलमध्ये होते. शिफ्टची नोकरी. संक्रांतीला रेड्डी सुट्टीवर असला की त्याच्या पाळीला हे जात, आमच्याकडे गौरी बसल्या की यांच्या पाळीला रेड्डी येई. साहेबाला कानावर घालायचं, पण खरा व्यवहार दोघांत. पाळी दिली म्हणजे दिली. ताप असो, पाऊस असो, दिलेल्या पाळीला माणूस उभा राहणारच. यांच्या मिलमध्ये एकानं दुसऱ्याची पाळी घेतली आणि आपली दिली नाही, तर त्या माणसाबरोबर नंतर कुणी डबासुद्धा उघडत नसे. यांच्या तोंडून मी शिव्या फार ऐकल्या नाहीत, पण अशा माणसाबद्दल ऐकल्या आहेत.

डायलिसिसच्या गाडीतली निम्मी माणसं प्लँटची किंवा खाणीची. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. गाडीतही त्यांचं म्युच्युअल चालायचं. मदतनीस येण्यापूर्वी इक्बालभाईंना सांगितलं की काम व्हायचं. ते आत टेक्निशियनला सांगत, तो मान डोलावी. केंद्राच्या कुठल्याच नियमात हे नव्हतं, त्यामुळे नेहाला कुणी सांगितलं नाही, आणि खिडकीही झाली नाही.

नंदिनी नगरचे वानखेडे चुनखडीच्या खाणीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांची पाळी सोमवार आणि गुरुवार. त्याच वस्तीतले साहू त्यांच्या हाताखालून वर चढलेले, जुने दोस्त. त्यांची मंगळवार आणि शुक्रवार. वानखेड्यांच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दुर्गात एका गुरुवारी ठरलं. ते साहूंना म्हणाले, माझा गुरुवार तू घे, तुझा शुक्रवार मला दे. टेक्निशियननं एका दिवसाच्या फरकाला हरकत घेतली नाही. देणाऱ्यानं कळवायचं, या रिवाजाप्रमाणे साहूंनी फोन केला.

रोज सकाळी आदल्या दिवसाचे काही फोन ऐकायचे, हा माझ्या कामाचाच भाग. त्या सकाळी हा फोन त्यांत नव्हता; नंतर मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. साहू छत्तीसगढीत अगदी स्वच्छ सांगतात, "शुक्रवार के मोर बारी वानखेडे ला दे दे, वोकर गुरुवार के बारी मैं जाहूँ." बाईला भाषा समजली. पण अदलाबदलीची खिडकी तिच्याकडे नव्हती, म्हणून तिनं होत्या त्या खिडक्यांतून रस्ता काढला. साहूंचा शुक्रवार रद्द केला. तो तत्क्षणी प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी गेला. मग साहूंसाठी गुरुवार मागितला. नेमकी त्या दिवशी एक जागा मोकळी होती, ती मिळाली. शेवटी वानखेड्यांसाठी शुक्रवार मागितला, तोवर शुक्रवार भरला होता, त्यामुळे त्यांचं नाव प्रतीक्षेत गेलं. बाई गोड आवाजात म्हणाली, "वानखेडे जी का नाम भी लिख लिया है." साहूंनी आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

गुरुवारी साहू गाडीतून गेले. वानखेडे साक्षगंधाला गेले, नातीला ओवाळणी घातली, नातजावयाच्या मंडळींशी गप्पा मारल्या. शुक्रवारी सकाळी गाडीपाशी आले तर इक्बालभाईंच्या मोबाइलवरच्या यादीत त्यांचं नाव नाही आणि गाडी भरलेली. इक्बालभाईंनी केंद्रात फोन लावून पाहिला, तिथून नाही म्हणाले. शनिवारी वानखेड्यांना धाप लागली आणि मुलानं त्यांना दवाखान्यात भरती केलं.

ते वाचले, हे आधीच सांगून टाकते. मला ही हकीकत सोमवारी इक्बालभाईंकडून कळली. वर ते म्हणाले, "मॅडम, तबीयत तो सुधर गई. पर साहू से बात बंद है. बोल रहे हैं, मेरी बारी खा गया."

मी साहूंचा तो फोन शोधून काढला आणि ऐकला. मिलमधल्या त्या शिव्या मला आठवल्या. वानखेड्यांच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब सरळ होता. साहूनं माझा गुरुवार घेतला, आपला शुक्रवार दिला नाही आणि मी मरता मरता वाचलो. आणि साहूनं दिला होता, हे मला ठाऊक होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मी नेहाला म्हटलं, मी नंदिनीला जाऊन सांगून येते. ती घाबरली. "काकू, क्लायंट काय म्हणेल? थोडा रुको ना." मी म्हटलं, "क्लायंटला तू सांग, वानखेड्यांना मी सांगते. एका माणसाचं नाव खराब होऊन राहिलं आहे." चिडले की माझ्या तोंडात नागपूर येतं, हे तिला लहानपणापासून माहीत. ती म्हणाली, "ठीक आहे. जा तुम्ही. हळू चालवा."

स्कूटीनं गेले. दवाखान्यातून सुटलेले वानखेडे दारात खुर्ची टाकून बसले होते, पाय सुजलेले. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि फोनवर काय झालं तेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ताई, तुमी चांगल्या घरच्या दिसता," ते म्हणाले. "पन मशीनवर कावून ढकलून राहिल्या? त्यानं माहा गुरुवार घेतला का नाही?"

"घेतला."

"आपला देल्ला का?"

"दिला. त्यांनी दिला, पण तो तुमच्यापर्यंत आला नाही. मधेच दुसऱ्याला गेला."

"म्हंजे मशीनले म्युच्युअल समजत नाही?"

"तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

ते जरा चिडूनच म्हणाले, "असं होतं तं साहूनं येऊन मले सांगाचं होतं. एक शब्द नाही बोलला."

"तुम्ही त्यांचा फोन उचललात?"

वानखेड्यांनी मान फिरवली. आतून त्यांची सून म्हणाली, "रोज दोनदा येते त्याहीचा फोन. बाबा कट करतेत." मी निघाले तेव्हा वानखेडे हाक मारून म्हणाले, "आता सांगसान का मग त्या मशीनवालीले?"

"सांगते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी साहूंना माझा नंबर कुणीतरी दिला. फोनवर म्हातारा रडत होता. "दीदी, वो मोर संग गोठियाइस," म्हणाले. माझ्याशी बोलला, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मग सांगण्याचं काम सुरू झालं. आधी मी 'रद्द'च्या पाटीवर लिहायला घेतलं: अदलाबदल असेल तर ही वापरू नका, दुसऱ्याचं नाव घेतलं तर थांबा, 'माझ्या जागी' म्हणाले तर थांबा. लिहिता लिहिता ती पाटी एवढी लांबली की मलाच हसू आलं. एवढी वर्षं लिहून मला एक गोष्ट समजली आहे. पाटीवर 'नको, नको' वाढायला लागलं की खोट पाटीत नसते, खिडकीच कमी असते. नेहाला म्हटलं, अदलाबदलीची वेगळी खिडकी लागेल. ती केंद्राकडे गेली. तिथले डॉक्टर आधी म्हणाले, आमच्याकडे असं काही चालत नाही. इक्बालभाई आणि टेक्निशियन शेजारी उभे राहून जमिनीकडे बघत होते. शेवटी दोन्ही रुग्णांची संमती घ्यायची या अटीवर डॉक्टर तयार झाले.

नव्या खिडकीचं नाव 'पाळी बदल' ठेवलं. तिची पाटी मी कितीतरी वेळा लिहून खोडली. शेवटी राहिली ती अशी:

"दोन रुग्ण आपापल्या पाळ्या एकमेकांना देत असतील तेव्हा ही वापरा, 'रद्द' वापरू नका. दोघांनाही विचारा. दुसऱ्याची जागा पक्की झाल्याशिवाय पहिल्याची सोडू नका. नाव प्रतीक्षेत गेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, 'झालं' म्हणू नका. कारण विचारू नका, पण सांगितलं तर त्यांच्याच शब्दांत लिहा. हा एका माणसानं दुसऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि तो मोडला तर दोष देणाऱ्यावर येतो. शंका आली तर काहीही न बदलता फोन माणसाकडे द्या."

नेहाचा कात्रीचा हात तयारच होता. प्रत्येक फोनला सगळ्या पाट्या बाईला नव्यानं वाचाव्या लागतात, त्यामुळे लांब पाटी महागात पडते. "काकू, ये 'शब्द' वाली लाइन काढू ना? बाकी तो सब क्लिअर आहे." मी म्हटलं, काढून बघ. तिनं दोन्ही तऱ्हेनं चाचण्या घेतल्या. साध्या अदलाबदलीत फरक पडला नाही. पण आम्ही वेडेवाकडे प्रसंग रचले, एकाला ताप आला, एकानं ऐनवेळी नाही म्हटलं, तेव्हा त्या ओळीशिवाय बाई भराभर निर्णय घ्यायची आणि ओळ असली की थांबून विचारायची. सगळेच प्रसंग पाटीवर कुठे मावतात? का ते सांगून ठेवलं की न लिहिलेल्या प्रसंगातही बरं वागता येतं. ओळ राहिली. नेहा म्हणाली, "जीत गए आप." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

वानखेडे आणि साहू पुन्हा बोलायला लागले, इतके की इक्बालभाई वैतागले. वानखेडे दर थोड्या दिवसांनी साहूंना ऐकवायचे, "साहू, माहा शुक्रवार बाकी हाय तुह्याकडं." साहू म्हणायचे, ले ले ना. वानखेडे म्हणायचे, "आत्ता नाही. नातीच्या लग्नात घेईन." लग्न दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ठरलं होतं.

मी यंदा उन्हाळ्यात काम सोडलं. पोळ्याच्या सुमारास वानखेडे गेले. झोपेत गेले, कुणाची चूक नव्हती. मी नंदिनीला जाऊन आले. साहू दारातल्या त्याच खुर्चीशेजारी खाली बसून होते.

हा लेख लिहायला घेतला त्याच आठवड्यात नेहाचा फोन आला. "काकू, साहू अंकलचा कॉल आला होता. बाईने कुछ किया नहीं, सीधा मेरे पास भेज दिया. मला समजत नाही काय करायचं. आप बात कर लो ना."

साहूंनी मशीनवाल्या बाईला सांगितलं होतं, लगीन के दूसर दिन के शुक्रवार वानखेडे ला दे दे. नातीच्या लग्नानंतरचा शुक्रवार. वानखेड्यांचं नाव यादीतून निघालेलं. जुनी बाई असती तर शुक्रवार रद्द करून मोकळी झाली असती. ही म्हणाली होती, "आपकी बारी मैंने छोड़ी नहीं है. किसी से बात करवाती हूँ."

मी साहूंना फोन लावला. म्हटलं, भैया, वानखेडे तर आता नाहीत. ते म्हणाले, जानथंव दीदी. माहीत आहे. पण तो शुक्रवार माझा नाही, त्याचा आहे, मी किती दिवस ठेवू? ज्याला गरज असेल त्याला द्या आणि त्याचा दिवस मला. मी एवढंच म्हटलं, "देते."

शोधलं तर गुरुवारवाल्या एका बाईंना, सेक्टर सहाच्याच, त्या आठवड्यात शुक्रवार हवा होता. गुरुवारी मुलीच्या घरी वास्तुशांत होती. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या, साहूही हो म्हणाले. दोघांच्या संमतीनं, अगदी नियमाप्रमाणे, नेहाच्या ऑफिसात बसून मी बदल नोंदवला. कारणाच्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत लिहायचं, अशी माझीच पाटी. मी लिहिलं, "वानखेडे के शुक्रवार."

यादी इक्बालभाईंच्या मोबाइलवर जाते. गाडी निघण्यापूर्वी ते ती मोठ्यानं वाचतात, एकेक नाव आणि पुढे जे लिहिलं असेल ते. पुढच्या आठवड्याची यादी पाहून त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, शुक्रवार में वानखेडे जी का नाम आ रहा है. गलती है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "सही है."

"तो पढ़ दूँ?"

"हाँ, इक्बालभाई. जोर से पढ़ना."